डायल रंगवलेली आहे

आमच्या ह्यांना घड्याळांचं वेड आहे, असं लोक कौतुकानं म्हणतात. म्हणोत बापडे, त्यांचं काय जातंय! आमच्या कपाटात साड्या ठेवायला जागा नाही. पन्नासेक मनगटी घड्याळं घरात, सगळी माझ्या लग्नाच्याही आधीची, आणि वेळ मी शेजारणीला विचारते. किल्ली द्यायची नाही, मशीन झिजतं म्हणे.

निवृत्त होईपर्यंत ह्यांची नोकरी घरोघर जाऊन विजेचे मीटर वाचायची. दिवसभर आकडे वाचून आलेल्या माणसानं संध्याकाळी डोळे मिटून पडावं की नाही? हे हातपाय धुवायचे आणि डोळ्याला भिंग लावून बसायचे. जुन्या बाजारात ह्यांचा शब्द म्हणजे शेवटचा. दुकानदार घड्याळ पुढे करायचा, हे एक नजर टाकून परत सरकवायचे. "डायल रंगवलीय." संपलं, पुढे वाद नाही. डागाळलेली, पिवळी पडलेली मूळची डायल म्हणजे ह्यांचा जीव की प्राण. तीच कुणी नव्यानं रंगवून चकचकीत केली की ह्यांच्या लेखी ते घड्याळ मेलं. वयाचं एवढं कौतुक मी फक्त घड्याळांच्या बाबतीत पाहिलं. बढती मिळाली नाही, घर भाड्याचंच राहिलं, पण बाजारात शिरले की लोक सरकून जागा द्यायचे. त्या एका नजरेच्या जोरावर हा माणूस ताठ मानेनं जगला.

मी आधी भांडले, मग कंटाळले. भांडायलाही अंगात जोर लागतो. दर रविवारी पिशवी घेऊन मागे मागे फिरायचं, पाय भरून येईपर्यंत उभं राहायचं आणि ह्यांचं प्रवचन ऐकायचं: मूळ डायलवर रेघा सारख्या आणि सहाखाली बारीक छापील अक्षरं, रंगवली की दोन्ही बिघडतात. पोपट असता तर तोही शिकला असता.

गेल्या हिवाळ्यापासून मात्र नवल घडलं. घड्याळ हातात घेतलं की हे माझ्याकडे वळायचे. "बघ गं, सहाच्या आकड्याखाली बारीक अक्षरं आहेत का? सरळ आहेत?" मी सांगायचे, हे मान डोलवायचे. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटायचं. उशिरा का होईना, बायकोला अक्कल आहे हे पटलं म्हणायचं! धाकट्या बहिणीला फोन करून सांगितलंसुद्धा. ती म्हणाली, "ताई, आज सूर्य कुठून उगवला ते बघ आधी."

परवाच्या रविवारी माझे गुडघे धरले होते, म्हणून हे एकटेच गेले. दुपारी आले ते लहान मुलासारखे हसत. कित्येक वर्षं शोधत होते ते घड्याळ मिळालं होतं.

"अस्सल आहे. बघ तरी!"

मी खिडकीपाशी नेलं. भिंगाची गरजच पडली नाही. मिनिटांच्या रेघा कुठे आखूड, कुठे लांब. सहाखाली अक्षरांचा पत्ताच नाही.

"अहो, ही रंगवलेली आहे."

मला वाटलं, आता खेकसतील. ते हळूच खुर्चीत बसले.

"असेल. मला दिसलंच नाही."

"दिसलं नाही म्हणजे?"

"कडेचं दिसतं. ज्याच्याकडे बघावं तेवढंच धुरकट होतं. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू असता तर काढला असता. पडदा खराब झालाय, गेलेली नजर परत येत नाही." मग मान खाली घालून म्हणाले, "म्हणून तर तुला विचारत होतो."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. हिवाळ्यापासून हा माणूस एकटाच हे घेऊन फिरतोय, आणि मी इकडे बहिणीला फोन करतेय! पाच-पन्नास शब्द तोंडावर आले, ते गिळले. मग रडू आलं. ह्यांच्या डोळ्यांसाठी की माझ्या फुकटच्या आनंदासाठी, देव जाणे.

मी पदरानं डोळे पुसले. मग ह्यांनीच विचारलं, "डायल जाऊ दे. काटे तरी मूळचे आहेत ना?"

मी पुन्हा उजेडात धरलं. काटे कुठल्यातरी दुसऱ्याच घड्याळाचे होते. मिनिटकाटा रेघांपर्यंत पोचतसुद्धा नव्हता.

"आहेत," मी म्हटलं. "काटे मूळचेच आहेत."

घड्याळाच्या बाबतीत जन्मात कुणाच्या शब्दावर न गेलेला माणूस लगेच "बरं झालं" म्हणाला.