उजव्या सीटवरची आई

माझ्या आईकडे लायसन्स नाही, पण आमची गाडी वर्षानुवर्षं तीच चालवत होती.

म्हणजे स्टिअरिंग असायचं बाबांच्या हातात. पण गाडी जुनी अमेरिकन, स्टिअरिंग डावीकडे; आणि आम्ही राहतो इंग्लंडात, स्लाऊला, जिथे समोरची वाहनं उजवीकडून येतात! पुढे एखादी लॉरी आली की बाबांना तिच्यापलीकडचं काहीच दिसायचं नाही. दिसायचं ते उजव्या सीटवरच्या आईला. "थांबा... सायकलवाला आहे... अहो, थांबा म्हटलं ना! हां, चला आता." आई 'चला' म्हणाली की बाबा निघायचे. (घरात इतर कुठल्याही बाबतीत ते तिचं इतकं ऐकत नसत.)

गाडी दिसायला चार दारांची, सभ्य, गडद हिरवी. पण इंजिन शर्यतीचं. सुरू झालं की शेजाऱ्यांच्या कपाटातल्या बशा वाजायच्या! ती गॅरेजात मावेना, तेव्हा बाबांनी मागची भिंत पाडून गॅरेज आईच्या मेथीच्या वाफ्यापर्यंत लांबवलं. रविवारी दोघं तिच्यातून विहारात वंदनेला जायची आणि आल्यावर बाबा तिला पुसत बसायचे. मला हात लावायची परवानगी नव्हती. पास होण्याआधी ड्रायव्हिंग टेस्टला मी इतक्यांदा नापास झालो होतो, की परीक्षक माझ्या घरच्यांची खुशाली विचारायचे.

गेल्या हिवाळ्यात बाबा गेले. गाडीवर कापड टाकलं ते तसंच राहिलं. मग एक दिवस चहा गाळता गाळता आई म्हणाली, "विकून टाक ती. उभ्या उभ्या गंजेल बिचारी."

मी जाहिरात दिली. बऱ्याच जणांनी फोन केले, पण प्रत्यक्ष आला तो कार्डिफचा ओवेन. रिटायर्ड शिक्षक, डोक्याला लोकरीची टोपी. गाडीभोवती तो देवळात फिरावं तसा फिरला.

"एक चक्कर मारून दाखवता?" त्याने इंग्रजीत विचारलं.

"अर्थातच!" मी म्हणालो. (हा आवाज माझा होता, हे मला नंतर कळलं.)

मी मागे वळून पाहतो तर आई पर्स मांडीवर घेऊन उजव्या सीटवर बसलेली! तिला कोणी बोलावलं नव्हतं. ओवेन मुकाट्याने मागे बसला.

गाडी गॅरेजातून उलटी काढताना मी शेजाऱ्यांच्या कुंपणाची छाटणी करून दिली. त्यांनी हात हलवला. तो निरोप होता की निषेध, कोण जाणे! कोपऱ्यावर वळलो, तर पुढे कचऱ्याचा ट्रक उभा.

"थांब," आई म्हणाली. "बाई आहे बाबागाडी घेऊन... थांब... हां, जा."

मी ट्रकच्या शेजारून निघालो, आणि नेमका पाऊस भुरभुरायला लागला. वायपर लावावा म्हणून मी स्टिअरिंगजवळचा दांडा ओढला. तो वायपरचा नव्हता. तो गिअरचा होता! गाडी न्यूट्रलमध्ये गेली आणि जागच्या जागी उभी राहिली. मी ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन असं गरजलं की ट्रकवरच्या माणसाच्या हातातला डबा सुटला. समोरून डबल डेकर बस आली आणि नाकाला नाक लावून थांबली. मी आणखी दाबला. आणखी गर्जना! गाडी एक इंच हलेना.

"बंद पडली!" मी ओरडलो.

"बंद पडलीय, मग एवढी ओरडते कशी?" मागून ओवेनने नम्रपणे विचारलं.

तेवढ्यात आईने शांतपणे हात पुढे केला, दांडा खाली ओढून बरोबर जागी बसवला, काचेतून बाहेर पाहिलं आणि म्हणाली,

"अहो, चला आता."

मला.

तिचं तिलाही कळलं. ती पुढे बघत राहिली. पर्सच्या बंदावर तिची बोटं घट्ट झाली. माझा पाय ब्रेकवर होता आणि तो मला उचलता येईना. बसवाल्याने हॉर्न दिला. मागच्यांनीही दिला.

"काय म्हणाल्या त्या?" ओवेनने विचारलं.

"चला म्हणाल्या. बाबांना म्हणायच्या तसं."

त्याने टोपी काढली. मग हळूच म्हणाला, "मग चला."

वायपर घरी येईपर्यंत सापडला नाही.

ओवेनला गाडी हवी होती. (माझं ड्रायव्हिंग पाहूनही! कदाचित तिला माझ्यापासून सोडवावं म्हणून.) पण आईने किल्ली दिली नाही. मला म्हणाली, "विचार त्याला, शेजारी कोण बसणार?"

मी विचारलं. ओवेन म्हणाला, "कोणी नाही. माझी बायको दोन वर्षांपूर्वी गेली."

"मग पुढचं सांगणार कोण याला?"

मी तेही इंग्रजीत सांगितलं. तो आईकडे बघून म्हणाला, "मी कोणालाच ओव्हरटेक करणार नाही. पुढे लॉरी असली तर तिच्या मागून जाईन. मला आता कुठे घाई आहे?"

हे मला तिला सांगावं लागलं नाही. आईने किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली आणि क्षणभर हात तसाच राहू दिला. गाडी कोपऱ्यावरून वळली. बशा वाजायच्या थांबल्या तरी आई फाटकात उभीच होती.

रिकामं गॅरेज तिला बघवेना, म्हणून संध्याकाळी मी म्हटलं, माझी गाडी लावतो आत. माझी गाडी म्हणजे एवढीशी, चार माणसं बसली की पाचवा श्वास घ्यायला बाहेर जातो. ती मी एवढ्या अवाढव्य गॅरेजात शिरवली आणि बाजूचा आरसा भिंतीवर आपटून मोडला.

आई हसली. बाबा गेल्यावर पहिल्यांदाच, पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत हसली. आणि मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडायला लागलो.

"अरे, वेडा का तू? आरसाच तो! नवीन मिळेल," ती म्हणाली.

मी मान हलवली. एक अख्खा बाप्या माणूस आरशासाठी हमसून हमसून रडतोय, असंच तिला वाटू दिलं. माझं ड्रायव्हिंग माहीत असल्यामुळे तिला ते लगेच पटलंही.