निळ्या रंगाचे दोन हात

माझी थोरली बहीण यंत्रांची नाडी बघते. दर आठवड्याला कॉम्प्रेसरच्या बेअरिंगपाशी चुंबकाचा सेन्सर चिकटवायचा आणि कंपनाचा आकडा वहीत लिहायचा. कारखान्यात सगळे तिला वैदूबाई म्हणतात. मी तीन नंबरच्या कॉम्प्रेसरचा ऑपरेटर. घरी आम्ही दोघंच, त्यामुळे बोलणी खायला मीच हक्काचा.

तीन नंबरचा आकडा महिनाभर चढत होता. त्या मंगळवारी तो एकदम निम्म्यावर आला. मॅनेजर खूश झाले, ताई मात्र गंभीर.

"बेअरिंग काय औषध घेऊन बरं होतं का?" ती म्हणाली. "मशीन उघडून बघू."

"गेल्या वर्षीही तुम्हीच उघडायला लावलंत. बेअरिंग ठणठणीत निघालं, दोन दिवस काम बंद," मॅनेजर म्हणाले. " या वेळी तसं झालं तर उद्यापासून येऊ नका."

"चालेल," ताई म्हणाली.

बाहेरचे लोक तपासणीला येणार म्हणून रविवारी मीच मशीन रंगवलं होतं, आणि हौसेला मोल नाही म्हणतात तसं, सेन्सरसाठी कोऱ्या ठेवलेल्या लोखंडी जागांवरही निळ्या रंगाचे दोन हात मारले होते. गप्प राहिलो तर माझी कातडी वाचत होती. पण नोकरी तिची जात होती.

"ताई, सेन्सरच्या जागा मी रंगवल्यात."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की शिवी परवडली असती. रंगावर चुंबक नीट धरत नाही, म्हणूनच आकडा पडला होता. मग तिने घराच्या किल्लीने रंग खरवडला, लोखंड उघडं केलं आणि सेन्सर पुन्हा बसवला. आकडा महिन्यातल्या सगळ्या आकड्यांच्या वर गेला. ताईने मशीनपासून हातभर अंतरावरचं माझं स्टूल उचलून दाराबाहेर ठेवलं, मला मागोमाग ढकललं आणि लाल बटण दाबलं. मॅनेजरना विचारलंही नाही.

फिटरला बेअरिंग काढायला दोन तास लागले. ते दोन तास मला खायला उठले. बेअरिंग बाहेर आलं तेव्हा बाहेरची कडी आरपार तडकलेली होती.

"किती चाललं असतं?" मॅनेजरनी विचारलं.

"ही पाळी संपेपर्यंतही नाही," फिटर म्हणाला. पाळी माझी होती.

संध्याकाळी घराच्या दारात ताईची किल्ली कुलपात जाईना. किल्लीच्या दातांत अजून निळा रंग होता. मी ती घेऊन रंग नखाने काढला आणि दार उघडलं.

"स्टूल उद्यापासून भिंतीकडे," ती म्हणाली.