कुडाच्या आतल्या बाजूला

भूतबीत या विषयात मी आजवर फक्त हसण्याचं काम केलं आहे. सगळी नोकरी वीज खात्यात वायरमन म्हणून काढली. "घरात काहीतरी आहे, दिवा आपोआप लागतो" म्हणून लोक बोलवायचे, आणि जाऊन पाहावं तर अर्थिंगची बोंब... दोन तारा घट्ट केल्या की भूत पसार. आता मी जे लिहितोय ते वाचून माझे जुने सहकारी पोट धरून हसतील. हसू देत.

गाव शहादा तालुक्यात, सारंगखेड्याच्या अलीकडे. नोकरी सगळी नाशिककडे झाली. बायको, मंगल, तिकडेच वारली. रिटायर झाल्यावर मी एकटाच गावी परत आलो. मुलगा सुरतेला असतो, रविवारी फोन करतो.

घराच्या मागच्या खोलीला दोन बाजूंनी पत्रा होता. एप्रिलमध्ये तिथे बसणं म्हणजे तव्यावर बसणं. पत्रा काढून कुड घालायचा असं ठरवलं — बांबूच्या कामट्यांत पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, विणायच्या आणि वर शेण, माती, भुशाचा गारा लिंपायचा. पुण्यात मातीचं घर म्हणजे आर्किटेक्ट, आमच्याकडे मातीचं घर म्हणजे गरिबी. त्यामुळे गावाने मला आधीच वेड्यात काढलं होतं.

विणकाम एकट्याने जमलं. मग मी शहाणपणा केला. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, "कुड लिंपायला दोन माणसं पाहिजेत, मजुरी रोख." सात जणांनी अंगठे दाखवले. आलं कोणी नाही.

शेजारचे धर्माआप्पा, सत्तरीचे, ओट्यावरून पाहत होते. म्हणाले, "नाना, कुड म्हंजे दोन माणसंनं काम. एक बाहेर, एक मझार. दोन्ही बाजूनी संगे दाबनं पडस. आनि मातीना कामले मजुरी? घरोघर जाईसन सांगनं पडस. पन तू कोना घरले गयथा कधी?"

गेलो नव्हतो. सगळ्या आयुष्यात गावातल्या एकाच्याही घराची भिंत लिंपायला मी हात लावला नव्हता. आता कोणत्या तोंडाने दारोदार जाणार?

दोन दिवस एकट्याने केलं. बाहेरून गारा दाबला की आत पडायचा, आत जाऊन लोटला की बाहेर. तिसऱ्या दिवशी कंटाळून ठरवलं, आधी बाहेरूनच जमेल तेवढं लिंपू. भर दुपार, गल्लीत चिटपाखरू नाही. एक गोळा दाबला... आणि आतून कोणीतरी दाबलं.

माती जागच्या जागी बसली. मी हात सरकवला. आतला हातही सरकला.

"आप्पा, उनात का? बरं झायं," मी म्हणालो. आप्पाच आले, असं मी धरून चाललो. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून उत्तराची वाट पाहिली नाही. आम्ही या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्याकडे निघालो, तळव्यासमोर तळवा, मध्ये चार बोटं माती. पुढच्या न लिंपलेल्या फटींतून डोकावलो असतो तर दिसलं असतं कोण आहे ते. डोकावलो नाही. खरं सांगतो, कोणी आहे एवढंच पुरेसं वाटत होतं.

मग मी बोलायला लागलो. आधी उन्हाबद्दल, पोराबद्दल. आणि मग जे कोणाला कधी सांगितलं नव्हतं ते. मंगल गेली तेव्हा मी खांबावर होतो. खिशात फोन वाजत होता आणि माझे हात तारेला गुंतलेले होते. तीन वेळा वाजला. खाली उतरून मी आधी पाणी प्यायलो, मग फोन पाहिला. ते पाणी अजून घशाखाली उतरलेलं नाही.

आतला हात थांबला. मीही थांबलो. मग तो हळूच पुन्हा दाबला गेला, तिथेच, बराच वेळ. मी रडत होतो, लाज वाटली नाही.

भिंत संपली. हात धुऊन आप्पांना चहा विचारायला आत गेलो. त्या खोलीला दार एकच, स्वयंपाकघरातून. त्याला कुलूप. कुत्री शिरतात म्हणून सकाळी मीच लावलेलं आणि पार विसरलेलं, किल्ली माझ्या खिशात. उघडलं. आतली बाजू सफाईदार लिंपलेली, बोटांचे माग ओले. जमिनीवरच्या भुरभुरीत मातीत एक पाऊल नाही.

आप्पा संध्याकाळच्या एस्टीने उतरले. "मी तं सकायपाशीन सारंगखेडाले होतू." भिंतीवरून हात फिरवत म्हणाले, "येकला माणूसना हातनं हाई काम नही. कोन उनथं?"

आप्पांनी गावात चौकशी केली. जो तो म्हणाला, मी नव्हतो, आणि ज्याला त्याला वाटलं की दुसरा कोणी गुपचूप जाऊन आला. शरमेने म्हणा, कशाने म्हणा, दुसऱ्या भिंतीला पाच जण न सांगता आले. आतून सारखं "नाना, दाब, दाब!" चालू होतं. भिंत छान झाली. आता मीही बोलावण्याची वाट न पाहता लोकांकडे जातो.

पण मंगलबद्दल त्या दुपारनंतर पुन्हा कोणाशी बोलता आलं नाही.

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. माती ओली असली की भास होतो, ऊन लागलं की होतो, सगळं ऐकून झालंय. तुमच्यापैकी कोणाकडे पक्कं कारण असेल, तर एक विनंती आहे... मला कळवू नका. मग मला मानावं लागेल की त्या दुपारी मी एकटाच होतो.