बंद खोलीतलं कोबीचं सूप

आमच्या गल्लीच्या तोंडाशी, पत्र्याच्या शेडखाली एक बाई तीस वर्षं कपड्यांना इस्त्री करत आल्या आहेत. सगळे त्यांना इस्त्रीवाल्या मावशी म्हणतात. इस्त्री कोळशाची, जडच्या जड. ती उचलून उचलून त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली आलाय. स्वभावाने मावशी भित्र्या मुळीच नाहीत. एकदा पिसाळल्यासारखा कुत्रा अंगावर धावून आला, तर त्याला ओल्या टॉवेलचा एक फटका देऊन त्यांनी पुढची पँट घडीला घेतली होती. म्हणून मागच्या थंडीतली गोष्ट सांगताना त्यांचा आवाज कापायला लागला, तेव्हा मी कपड्यांची पिशवी खाली ठेवली आणि तिथल्या बाकड्यावर बसलो.

मावशी आणि त्यांची थोरली नणंद अशा दोघीच वरच्या मजल्यावर दीड खोलीत राहतात. मावशी त्यांना ताई म्हणतात. ताईंची हयात एका शाळेत शिपाई म्हणून गेली, लग्न केलं नाही. मावशींचे मिस्टर वारले तेव्हा ताई ट्रंक घेऊन दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आता तुझ्या बोकांडी मी, नि माझ्या बोकांडी तू." तेव्हापासून अकरा वर्षं. ताई तोंडाने भारी फटकळ. समोर आलेल्या ताटाला नाव ठेवल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही.

त्या आठवड्यात थंडी नुसती हाडात शिरत होती. ताईंना तीन दिवस खोकला आणि कणकण. चौथ्या दिवशी जरा उतार पडला, तशी त्यांनी दुपारी फर्मान सोडलं, "अगं, कोबीचं सूप कर. गरमगरम. लसूण घाल, मिरे घाल. आणि कोबी बारीक चीर, मागच्या वेळी गुरांना चारा घातल्यासारखा होता."

मावशींनी बाजारातून घट्ट, पांढरा गड्डा आणला. दोन बटाटे, एक गाजर घरात होतं. तेलात कांदा टाकला आणि दोन मिनिटांत शेगडीची निळी ज्योत मिचमिचून विझली. सिलिंडर संपला. गॅसवाल्याला फोन केला तर म्हणाला, "उद्या सकाळी, मावशी. आज गाडीच नाही."

"मग काय, सूप उद्या?" पांघरुणातून आवाज आला.

"उद्या कशाला? कोळसा आहे की."

इस्त्रीच्या कोळशाची पोती जिन्याखाली होती. मावशींनी लोखंडी शेगडी गॅलरीत पेटवली, धूर निघून जाऊ दिला. पण गॅलरीत वारा असा की पातेलं तापेना आणि बोटं बधिर झाली. कोळसे लालबुंद झाले होते, धुराचा मागमूस नव्हता. धूर नाही म्हणजे भीती नाही, असं त्यांना वाटलं. त्यांनी शेगडी आत आणली, खोलीच्या मधोमध विटांवर ठेवली. आयतीच खोली पण तापेल. दोन्ही खिडक्या लावून घेतल्या. दाराखालच्या फटीतून गार वारा येत होता, तिथे जुनी चादर गुंडाळून दाबून बसवली.

पाऊण तास खोली अशी उबदार झाली की ताईंनी कानटोपी काढली. पातेल्यात कोबी रटरटत होता, मिऱ्याचा वास सुटला होता. मावशी स्टुलावर बसून ढवळत होत्या. डोकं जड वाटत होतं. ताईंचा ताप आपल्याला लागला बहुतेक, असं त्या मनात म्हणाल्या. थोडं मळमळलंही. दुपारी नीट जेवले नाही त्याचं असेल.

मग त्यांनी वाटीत घोटभर सूप घेतलं, फुंकर मारली आणि ताईंच्या ओठांशी नेलं.

"बघा बरं, मीठ कसं आहे?"

ताई काही बोलल्या नाहीत. सूप ओठांच्या कोपऱ्यातून हनुवटीवर ओघळलं.

"ताई, मीठ?"

डोळे अर्धे उघडे. नजर मावशींवर होती आणि नव्हतीही. मावशी मला म्हणाल्या, "अकरा वर्षांत ती बाई पहिल्यांदा माझ्या हातच्या जेवणावर गप्प बसली."

त्यांनी खांदा हलवला. मान एका बाजूला कलंडली. मावशी उठायला गेल्या तर गुडघेच नाहीत जणू. त्या मटकन खाली बसल्या, वाटी घरंगळत गेली. आणि समोर, हातभर अंतरावर, कोळसे शांतपणे लाल दिसत होते. त्या कोळशाकडे बघताना त्यांना कळलं. धूर दिसत नव्हता, पण खोलीतल्या हवेचं विष झालं होतं. तीस वर्षं त्यांनी कोळसा हाताळला होता, पण उघड्यावर. बंद खोलीत कधीच नाही.

"ओरडले," त्या म्हणाल्या. "मला वाटलं मी ओरडले. तोंडातून नुसती हवा आली."

जवळची खिडकी पलंगापलीकडे होती, कडी उंचावर. तिथवर हात पोचणार नाही हे त्यांना दिसत होतं. दार सहा पावलांवर. त्या गुडघ्यांवर आणि कोपरांवर सरकत निघाल्या. अंधारी येत होती, थोडं पडावं असं वाटत होतं, अगदी दोनच मिनिटं. त्या झोपेची त्यांना आजही सगळ्यात जास्त धास्ती वाटते, कारण ती गोड होती. दाराशी पोचून कडी काढली, तर दार हलेना. त्यांनीच ठासून बसवलेली चादर आडवी आलेली. नखांनी ओढून ओढून ती काढली. दोन नखं उलटली, ते नंतर कळलं. दार उघडलं आणि गार वाऱ्याचा झोत तोंडावर आला.

त्यांनी उंबऱ्यावर दोन श्वास घेतले आणि परत आत गेल्या.

"परत?" मी विचारलं.

"मग काय ताईंना तिथे ठेवायचं?"

ताई अंगाने भरलेल्या. मावशींनी त्यांना गादीसकट खाली ओढलं. पण दारापर्यंत ओढवेना. तेव्हा त्यांनी शेगडीवरच्या पातेल्याचं झाकण घेतलं आणि जिन्याच्या लोखंडी कठड्यावर आपटायला सुरुवात केली. खालच्या मजल्यावरचा टॅक्सीवाला जेवून आडवा झाला होता. तो शिव्या द्यायलाच वर आला.

"मावशी, काय हे भर दुपारी..." आणि मग त्याने आत पाहिलं.

त्याने ताईंना पाठीवर घेतलं. टॅक्सीच्या मागच्या सीटवर मावशी ताईंचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि सारख्या त्यांच्या नाकासमोर हाताची पाठ धरत होत्या. श्वास लागतोय की वारा, कळत नव्हतं. "काच लावा," असं म्हणायचं त्यांच्या जिभेवर आलं, इतकी थंडी होती. मग त्या मुकाट्याने कुडकुडत राहिल्या.

दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई होती. टॅक्सीवाल्याने सांगितलं, तीन दिवसांपासून ताप आहे. ती छाती तपासायला लागली. मावशींना वाटलं, बोलू नये. आपण स्वतःच्या हाताने शेगडी आत आणली, खिडक्या लावल्या, फट बुजवली. लोक काय म्हणतील? भावजयीने नणंदेचा काटा काढला म्हणतील.

"आणि मग?"

"मग मी म्हटलं, बाई, मी कोळशाची शेगडी आत आणली. दार-खिडक्या लावून. माझंच चुकलं."

डॉक्टरीणबाईने झटकन मान वर केली. नर्सला हाक मारून ताईंच्या तोंडावर ऑक्सिजन लावला, मावशींच्याही. म्हणाली, "हे सांगितलंत ते फार बरं केलंत. नाहीतर मी तापाचंच औषध देत बसले असते."

चार तास. मावशी शेजारच्या खाटेवर मास्क लावून बसल्या होत्या आणि ताईंच्या पायाचा अंगठा धरून होत्या. अंगठा गार होता. त्या मनातल्या मनात कबूल करत होत्या की या बाईवर आपण कितीदा चिडलो, ही कधी एकदा गप्प बसेल असं कितीदा म्हटलं. आता ती गप्प होती.

अंधार पडल्यावर अंगठा हलला. मास्कच्या आतून काहीतरी पुटपुटणं ऐकू आलं. मावशी वाकल्या.

"सोड की अंगठा," ताई म्हणाल्या. "मुंग्या आल्या."

मावशी तिथेच हमसून हमसून रडल्या. टॅक्सीवाला बाहेर जाऊन उगाच टॅक्सीची काच पुसत बसला.

तीन दिवसांनी ताई घरी आल्या. पुढे महिनाभर त्यांना शब्द सापडायचे नाहीत. चमच्याला चावी म्हणायच्या आणि स्वतःवरच चिडायच्या. आता बऱ्या आहेत. सूप मावशींनी केलं, पण आठवड्याने, गॅसवर, दार सताड उघडं टाकून. तरी पातेल्याशी उभ्या असताना दर मिनिटाला हाक मारत होत्या.

"ताई, आहात ना?"

"कुठे जाणार मी? कोबी बघ, लागेल खाली."

भीती मात्र गेली नाही. मागच्या आठवड्यात रस्त्यापलीकडच्या लॉटरीच्या तिकिटांच्या टपरीत त्यांना घमेल्यात निखारे दिसले. काच बंद, आत तिकीटवाली पेंगत होती. मावशींनी हातातला शर्ट तसाच टाकला, रस्ता ओलांडला आणि काचेवर दोन्ही मुठींनी बडवलं. तिकीटवाली दचकून उठली.

"काय झालं, मावशी? आग लागली का?"

"आधी काच उघड," मावशी म्हणाल्या. "मग सांगते."