दोन्ही नावं राहू द्या

ऑफिसात त्यांना सगळे डॅशभाऊ म्हणत. सर्व्हरवरच्या जुन्या फायली पुसणारा प्रोग्राम त्यांनीच लिहिलेला. काळ्या स्क्रीनवर हुकूम टाइप करायचा, पुढे दोन डॅश देऊन एखादा शब्द जोडायचा, की प्रोग्राम तसा वागतो. त्यातला एक शब्द मोठा गुणाचा. तो जोडला की काहीच पुसलं जात नाही, काय पुसलं गेलं असतं तेवढं दिसतं. त्या शब्दाचं नाव काय ठेवायचं, यावरून ऑफिसात दोन तट पडले होते.

बाकीचे प्रोग्रामर म्हणत, ‘ड्राय-रन’, सगळीकडे हेच चालतं. सर्व्हर सांभाळणाऱ्या बाई म्हणत, ‘ट्रायल’.

"कोरडं कोण धावतंय इथे? नव्या माणसाला कळेल असं ठेवा की!"

चूक कुणाचीच नव्हती, त्यामुळे माघार कोण घेणार? शिवाय एकदा दिलेलं नाव पुन्हा काढून टाकायचं नाही, कारण कुणाचं तरी चालू काम मोडतं. हा नियम खुद्द डॅशभाऊंनी भांडून करून घेतलेला.

भाऊंचा जीव मात्र बदलीत अडकला होता. बायको दुसऱ्या शहरातल्या हॉस्पिटलात नर्स, लेक तिच्याजवळ. इथे भाऊ एका खोलीत एकटे.

"नाव ठरू दे, मग खुशाल जा," साहेब म्हणत. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर भांडता तरी आलं असतं.

"बाबा, एक नाव ठरत नाही तुमचं?" लेक फोनवर विचारी.

"तुझं तर चहा निवायच्या आत ठरवलं होतं आम्ही," मागून बायको म्हणे. भाऊ हसत आणि फोन ठेवल्यावर भिंतीकडे बघत बसत.

पुन्हा मीटिंग झाली, पुन्हा तेच दळण. शेवटी भाऊंचा बांध फुटला.

"दोन्ही नावं राहू द्या! ज्याला जे हवं ते लिहू दे."

लगेच टाळ्या पडल्या. बाईंनीसुद्धा वाजवल्या. भाऊंनी तिथल्या तिथे बायकोला कळवलं, ‘नाव ठरलं.’

लोक उठू लागले तशी साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"झकास तोडगा काढलात. पण उद्या एक नाव चाललं आणि दुसरं बिघडलं, तर खरंच फायली पुसल्या जातील. दोन्हींवर तुमचीच नजर हवी. बदलीचं जरा थांबू या."

"कधीपर्यंत?"

"ती नावं आहेत तोवर."

आणि दिलेलं नाव काढून टाकायचं नाही, हा नियम तर भाऊंचाच. हातातला फोन वाजला. लेक होती.

"बाबा, आई म्हणते ठरलं! मग कधी येताय?"