इन्शिराहच्या उशा

रशीद नावाच्या गावापाशी आल्यावर नाईल नदी जरा रेंगाळते. समुद्र पुढ्यातच असतो, पण तिला घाई नसते. दुपारी तर ती वाहते आहे की नुसती पडून आहे, तेच कळत नाही. नदीचा हा आळस गावालाही लागलेला आहे. दुपारची नमाज झाली की दुकानांची दारं अर्धी लोटली जातात, मांजरं कोळ्यांच्या जाळ्यांवर अंग ताणून देतात आणि खजुरीच्या झावळ्यांची सावली भिंतीवरून सरकायचंसुद्धा विसरते.

या गावात मासळीबाजारामागच्या बोळात इन्शिराहनं उशांचं दुकान काढलं, तेव्हा ती पन्नाशीला टेकली होती. उभं आयुष्य तिनं खजूर भरायच्या कारखान्यात काढलं होतं. कारखाना बंद पडला, मालक अलेक्झांड्रियाला निघून गेला आणि बाई रिकाम्या हातांनी घरी बसली. हातात कला होती ती वडिलांची. वडील, उस्ता सिदकी, पिंजारी होते. लग्नघरातून बोलावणं आलं की ते गच्चीवर कापसाचा डोंगर मांडून पिंजायची धनुकली वाजवत बसायचे. त्या टणत्कारानं लहानग्या इन्शिराहला गुंगी यायची, आणि ती त्या ढिगातच झोपून जायची. स्वप्नातही मग कापूसच उडत राहायचा, नदीवरच्या ढगांसारखा.

दुकान तर निघालं, पण गिऱ्हाईक फिरकेना. दारावरच्या फळीवर तिनं ठळक अक्षरांत लिहून घेतलं होतं, ‘अस्सल कापूस, उत्तम शिलाई’. लोक वाचायचे आणि पुढे जायचे.

“ताई, हे दुकान आहे का थडगं?” तिचा धाकटा भाऊ मिदहत म्हणाला. “ओरडल्याशिवाय कुणाला कळणार आहे?”

मिदहतची तीनचाकी रिक्षा होती. दुसऱ्या दिवशी त्यानं रिक्षावर भोंगा बांधला आणि गावभर फिरला. “उशा घ्या, उशा! मऊ मऊ उशा! स्वस्तात स्वस्त!” ऐन वामकुक्षीच्या वेळी हा गलका. एका म्हातारीनं वरच्या खिडकीतून त्याच्या अंगावर भाजी धुतलेलं पाणी ओतलं.

तरी माणसं आली, नाही असं नाही. आली ती मात्र ‘स्वस्त’ हा एकच शब्द ऐकून. उशी दाबायची, नाक मुरडायचं, बाजारात याहून कमी भावात मिळते म्हणायचं आणि चालू पडायचं.

“थोडा स्पंजचा चुरा घाल की आत,” मिदहतनं सुचवलं. “आत कोण डोकावून बघतंय?”

“बघत नाहीत रे, पण डोकं तिथंच ठेवतात ना.”

असं म्हणाली खरी, पण शेवटी तिनंही मन मारलं आणि चुरा घातला. उशा खपल्या. आठवडा गेला नाही तोच मासळी विकणारी एक बाई उशी काखोटीला मारून परत आली. “बाई गं, रात्रभर कानात कुणीतरी वाळली भाकरी मोडत होतं! घरात उंदीर शिरला म्हणून नवरा चप्पल घेऊन बसला.” दुकानासमोरची माणसं हसली. इन्शिराहही हसली, पण कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. तिनं त्या सगळ्या उशा परत मागवल्या, उसवल्या, आणि चुरा वेचून टाकला. दोन दिवस तिची मान वर झाली नाही.

मग एका दुपारी ती कापूस बघायला नदीपलीकडे निघाली. नमुन्याला म्हणून एक उशी बरोबर होती. माणसांची ने-आण करणारी झगलूलकाकांची होडी संथ चालली होती, पाण्यावर ऊन सांडलेलं, इंजिनाची घरघरसुद्धा कुणी अंगाई म्हणावी तशी. शेजारी बेकरीवाला शौकी बसला होता. हा माणूस पहाटेच्या आधीपासून भट्टीसमोर उभा असायचा. त्याच्या डोळ्यांवर झापड आली, मान कलंडली, कपाळ कठड्यावर आपटायला लागलं. इन्शिराहनं उशी मध्ये सरकवली.

शौकी झोपला. काठ आला, माणसं उतरली, तो झोपलेलाच. झगलूलकाकांनी ओठांवर बोट ठेवलं आणि त्याला तसाच परत नेला, पुन्हा आणला. इन्शिराहही उतरली नाही. त्याच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून कशा मिटत गेल्या, ते ती बघत राहिली. नदी तर तिच्या लहानपणच्या स्वप्नातल्यासारखीच शांत होती.

जाग आल्यावर शौकीनं कापूस कुठला ते विचारलं नाही, भावही विचारला नाही. उशीवर हात फिरवत म्हणाला, “आईच्या गच्चीवर होतो बघा. वारा सुटला होता.” मग एकदम, “ताई, ही मला पाहिजे.”

परतताना इन्शिराहच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. आपण कापूस कापूस म्हणून सांगत सुटलो. पण माणसाला हवी आहे ती गच्ची आणि तो वारा.

दुसऱ्या दिवशी तिनं फळी पुसली आणि नवीन अक्षरं काढून घेतली, ‘तुम्ही कसे झोपता?’

वाचणारा थबकायचा. थबकला की आत यायचा, आणि आत आला की बोलायला लागायचा. कुणी पालथा झोपे, त्याला ती चपटी उशी शिवून देई. कुणाची मान धरायची, त्याला भरीव. कोळी दिवसा झोपत, त्यांच्या उशीला डोळ्यांवर ओढायला ती गडद कापडाची पट्टी जोडू लागली. भाव वाढला होता, पण घासाघीस कमी झाली होती. झगलूलकाकांच्या होडीत तिनं दोन उशा ठेवून दिल्या. त्यांचे अभ्रे ती स्वतः धुऊन बदलायची.

“फुकट झोपा वाटतेस?” मिदहत वैतागला. “गाव घोरेल आणि तू बसशील टाळ्या पिटत.”

“घोरू दे. जागे झाल्यावर विचारतातच, कुणाची म्हणून.”

त्यातली एक उशी वाऱ्यानं नदीत पडली आणि समुद्राकडे निघून गेली. “आता माशांकडूनही मागणी येईल,” काका म्हणाले.

त्याच दिवसांत तफीदाबाई आली. दर्याकाठच्या मोठ्या घरातली, नवरा गेल्याला वर्ष झालेलं. खाली बसली आणि म्हणाली, “सगळ्यात महाग असेल ती दे. मला झोप नाही.”

इन्शिराहनं नेहमीचा प्रश्न विचारला. तफीदा म्हणाली, “मी डाव्या कुशीवर झोपायची. त्या बाजूला तो असायचा. आता तिकडे वळलं की गार गादी लागते.”

मिदहत दारात उभा राहून खुणा करत होता, दोन खपव म्हणून. इन्शिराहनं पुदिन्याचा चहा ओतला. “आपा, खोटं नाही सांगत. माझ्या उशीनं यावर काही होणार नाही. चहा घ्या.”

“म्हणजे विकायची नाहीस?”

“नाही. पण जुनी गादी पाठवा. दोघांच्या भाराचा खळगा पडला असेल तिला. मोकळी करून पिंजून देते.”

तफीदा उठून गेली. “गेलं मोठं घर हातचं,” मिदहत म्हणाला. पण संध्याकाळी गादी आली. इन्शिराहनं वडिलांची धनुकली काढली. पांढरा धूर उठावा तसा कापूस हवेत तरंगला, आणि बोळातली माणसं उंबऱ्याशी उभी राहून बघत राहिली.

त्यानंतर मात्र चमत्कार वाटावा असं झालं. तफीदाच्या नात्यातल्या बायका येऊ लागल्या, पलीकडच्या काठावरून नवऱ्या मुलींच्या आया आल्या. प्रत्येकीच्या तोंडी तेच, “तफीदाआपा म्हणाल्या, इथली बाई उगाच काही गळ्यात मारत नाही.” भोंग्यानं जे जमलं नव्हतं ते त्या एका ‘नाही’नं केलं. हाताखाली दोन बायका ठेवाव्या लागल्या, दोघी कारखान्यातल्याच मैत्रिणी.

तफीदा स्वतः अधूनमधून यायची, काही घ्यायला नाही, बसायला. झोप येते का, असं इन्शिराहनं कधी विचारलं नाही. थंडीतल्या एका दुपारी बोलता बोलता तफीदाचा शब्द अर्ध्यात थांबला. पाहिलं तर बाकावर, न पिंजलेल्या कापसाच्या गाठोड्यावर, तिचं डोकं टेकलं होतं. डाव्या कुशीवर.

इन्शिराहनं हाताखालच्या बायकांना खुणेनं सुया खाली ठेवायला लावल्या. दारात दोन गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्याकडे बघून ती हळूच म्हणाली, “उद्या या,” आणि आवाज न करता दार लोटून घेतलं.