दोष बदनावरच्या लाईनीचा नव्हता

आमच्या घराण्यात कोणी उशिरा आला, सावकाश जेवला किंवा जिन्यात टेकला, की त्याला 'बदनावरची लाईन' म्हणतात. हे टोपणनाव मूळचं माझ्या साडूंचं. ते त्यांना माझ्यामुळे चिकटलं.

निवृत्तीनंतर आम्ही दोघांनी माळव्यात, देवास आणि धारमध्ये, घरोघरी इंटरनेट द्यायचा धंदा काढला. या वयात लोक नेमावरला नर्मदेकाठी बसतात. आम्ही राउटरसमोर बसलो. बाहेरच्या जगाशी जोडणाऱ्या आमच्या दोन लाईनी होत्या: इंदूरकडून जाड, बदनावरकडून बारीक. बारीक लाईन साडूंनी आणली होती, अडीनडीला असावी म्हणून. मला ती खुपायची, कारण ती मला सुचली नव्हती.

बीजीपी नावाच्या पद्धतीने राउटर जगाला कळवतो, की आमच्याकडे यायला ही वाट आहे. त्या निरोपात आपला नेटवर्क-क्रमांक असतो, आणि एखाद्या वाटेवर तो पुन्हापुन्हा लिहिता येतो. मला वाटलं, हा आग्रह. आमच्या पंगतीत एकदा 'घ्या' म्हटल्यावर कोणी श्रीखंड घेत नाही. चारदा म्हणावं लागतं. इंदूरची वाट सगळ्यांनी घ्यावी म्हणून मी तिच्यावर आमचा क्रमांक चारदा लिहिला आणि चहाला गेलो.

जगातले राउटर आमच्या पंगतीला कधी बसलेले नाहीत. ज्या वाटेवर क्रमांक जास्त, ती लांबची समजून ते टाळतात. दोन्ही गावांचं नेट बदनावरच्या बारीक लाईनीतून यायला लागलं आणि तिथेच तुंबलं.

फोन सुरू झाले. "भिया, मंडीचे भाव उघडेनात." "काका, व्हिडिओवर सासूबाई तोंड उघडून थांबल्यात. तसं बरंय, पण नेट कधी येणार?"

मी बदनावरची लाईन तोडली. इंदूरची एकच वाट उरल्यावर सगळं धावायला लागलं. "स्वस्तातली लाईन आणली की असंच होणार," मी ग्राहकांसमोर म्हणालो. साडू तडक बदनावरला गेले, लाईन देणाऱ्याला जाब विचारायला. पुढच्या महिन्यात ते धंद्यातून निघाले आणि धारला पंखे विकायला लागले.

नंतर कधीतरी माहितीपुस्तिका नीट वाचली, तेव्हा माझा आग्रह मला कळला. जादा क्रमांक मी गुपचूप पुसले. सांगायला मुहूर्त मिळेना. आमच्याकडे विहीर खणायचासुद्धा मुहूर्त निघतो, याचा निघत नाही.

यंदा नातवाच्या मुंजीत पंगत उठायला आली तरी साडू जेवत होते. वाढणारा म्हणाला, "बदनावरची लाईन, आटपा आता." सगळे हसले. साडूंची नातही हसली. साडूंनी पुरी अर्धी टाकून जेवण संपवायच्या आपोष्णीसाठी हातात पाणी घेतलं.

मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. राउटर कोणालाच कळला नाही. नातीने विचारलं, "मतलब, आजोबांची लाईन ठीक होती?"

"ठीक होती. घोळ माझा."

साडूंनी पाणी सोडून दिलं. "त्या बदनावरवाल्याला मी भर बाजारात चोर म्हणालोय, दादा. तेव्हापासून बोलणं नाही. त्याला कोण सांगणार?"

"मी सांगतो."

"लावा मग फोन. स्पीकरवर."

वाढपी श्रीखंडाचं पातेलं घेऊन तिथेच थांबला. तिकडून आवाज आला, "कौन बोल रिया है, भिया?" आणि मी सगळं पहिल्यापासून पुन्हा सुरू केलं, या खेपेला हिंदीत.